वेड्यांसाठी बांधलेले राजवाडे

अमेरिकेतील ओस पडलेली मनोरुग्णालये आणि त्यांच्या भिंतीआडचा इतिहास

संस्थानी शहरात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना पडक्या वास्तूचे वर्णन मुद्दाम करून सांगावे लागत नाही. नगारखाना मुका झालेला, हौदात पाला साचलेला, दिवाणखान्याच्या छताला पारव्यांनी घरटी केलेली, असे वाडे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. तेथे गेले की मन हळवे होते. येथे कोणी तरी नांदत होते, येथे लग्नकार्ये झाली, पंगती उठल्या, हा विचार त्या हळवेपणाच्या मुळाशी असतो. परंतु राजवाड्याला लाजवील अशी एखादी वास्तू असावी आणि तिच्यात कोणी कधी नांदलेलेच नसावे, केवळ माणसे आणून ठेवलेली असावीत, तर तिच्या भग्नावशेषांकडे पाहताना मनात काय यावे? अमेरिकेतील ओस पडलेल्या मनोरुग्णालयांच्या कथेत हा प्रश्न पदोपदी समोर उभा राहतो.

टेकडीवरचे प्रासाद

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वेस्टन नावाचे लहानसे गाव आहे. त्या गावाशेजारी निळसर वालुकाश्माच्या घडीव चिऱ्यांची एक इमारत सुमारे पाव मैल लांब पसरलेली आहे. मध्यभागी घड्याळाचा मनोरा आणि दोन्ही बाजूंना टप्प्याटप्प्याने मागे सरत गेलेले पंख, अशी तिची रचना. १८५८ साली तिचे काम सुरू झाले. तीन वर्षांत यादवी युद्ध भडकले आणि १८६१ साली उत्तरेकडच्या फौजेने बांधकामासाठी गावच्या पेढीत ठेवलेले सोने उचलून नेले. ज्या राज्यात काम सुरू झाले ते राज्यच मध्ये दुभंगले. तरीही १८६४ साली तेथे पहिले रुग्ण आले आणि १८८१ साली इमारत पुरी झाली. १९९४ साली ती बंद झाली आणि २००७ साली लिलावात पंधरा लाख डॉलरांना विकली गेली.

न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरचे मनोरुग्णालय याहून देखणे. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या त्या काळच्या थोर वास्तुशिल्पज्ञाने त्याचे जुळे मनोरे उभारले, तर भोवतालची बाग आखली ती न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क निर्माण करणाऱ्या ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने. काम १८७१ साली सुरू झाले आणि १८८० साली दारे उघडली. मॅसॅच्युसेट्समधील डॅन्व्हर्स येथे टेकडीच्या माथ्यावर १८७८ साली लाल विटांचे रुग्णालय सुरू झाले. दुरून पाहणाऱ्याला ते एखाद्या सरदाराच्या गढीसारखे वाटावे. त्या टेकडीवर पूर्वी जॉन हॅथॉर्न हा न्यायाधीश राहत असे. १६९२ साली सेलम येथे चेटकिणी म्हणून स्त्रियांना फासावर चढवणाऱ्या खटल्यांत हा गृहस्थ होता. ज्यांना एका शतकाने चेटकीण म्हटले असते त्यांच्यासाठी दुसऱ्या शतकाने त्याच जागी प्रासाद बांधला, हा योगायोग खराच विलक्षण म्हणावा लागेल.

वेड्यांसाठी एवढा थाट कशाला, असे वाचकांस वाटेल. तो थाट नव्हता. बांधणाऱ्यांच्या मते तेच औषध होते.

वारा, उजेड आणि मायेचा शब्द

अठराव्या शतकापर्यंत युरोपात वेड्या माणसाच्या नशिबी साखळदंड, गवताची गादी आणि चाबूक एवढेच असे. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात तर १७७० सालापर्यंत वेडे पाहण्यासाठी बाहेरच्या लोकांना मोकळीक होती. सुटीच्या दिवशी लोक तेथे जत्रेला जावे तसे जात. या प्रकाराविरुद्ध पहिला आवाज उठवला तो दोन ठिकाणी. पॅरिसमध्ये डॉ. पिनेल आणि त्यांचे सहायक पुसँ यांनी रुग्णांच्या बेड्या काढण्याची वाट दाखवली, आणि इंग्लंडातील यॉर्क गावी विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ साली ‘रिट्रीट’ नावाचे घर उघडले. तेथे रुग्णांना बागेत काम होते, चहापान होते आणि माणसासारखे बोलणे होते. वेडा म्हणजे माणुसकी गमावलेला प्राणी नव्हे, त्याला आदराने वागवले तर त्याची बुद्धी पुन्हा ठिकाणावर येऊ शकते, ही त्या घराची श्रद्धा होती.

ही श्रद्धा अमेरिकेत रुजवली एका शिक्षिकेने. डोरोथिया डिक्स १८४१ साली बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिज तुरुंगात स्त्री कैद्यांना धर्मपाठ शिकवण्यासाठी गेल्या. तेथे गुन्हेगारांबरोबर वेड्या स्त्रियाही कोंडलेल्या होत्या आणि त्या थंडीत शेकोटीही नव्हती. बाईंनी मग राज्यभर फिरून तुरुंग, अनाथाश्रम आणि गोठे पालथे घातले व १८४३ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे निवेदन ठेवले. पुढे त्या राज्याराज्यांतून हिंडल्या. मनोरुग्णांच्या व अंध-बधिरांच्या सोयीसाठी एक कोटी बावीस लाखांहून अधिक एकर सरकारी जमीन राखून ठेवावी, हे त्यांचे विधेयक काँग्रेसने १८५४ साली मंजूरही केले. परंतु अध्यक्ष पिअर्स यांनी नकाराधिकार वापरून ते मारले. असली दानधर्माची कामे केंद्र सरकारची नव्हेत, असे त्यांचे म्हणणे पडले. ही गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या चळवळीला विटा-दगडांचे रूप दिले ते फिलाडेल्फियाच्या डॉ. थॉमस स्टोरी कर्कब्राइड यांनी. आनंदीबाई जोशी १८८३ साली ज्या शहरी वैद्यक शिकायला गेल्या त्याच शहरात, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, हा क्वेकर डॉक्टर वारला. तेथील मनोरुग्णालयाची सूत्रे त्याने चाळीसहून अधिक वर्षे सांभाळली होती. १८५४ साली त्याने मनोरुग्णालय कसे बांधावे यावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात नळाच्या जाडीपासून जिन्याच्या रुंदीपर्यंत सारे सांगून ठेवले. रुग्णालय गावाबाहेर असावे, पण फार दूर नको. त्याला निदान शंभर एकर जमीन असावी. मधल्या इमारतीत अधीक्षकाने सहकुटुंब राहावे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, आणि जितका रुग्ण क्षुब्ध तितकी त्याची खोली टोकाला. पंख एका रेषेत न ठेवता मागेमागे सरकवले म्हणजे प्रत्येक वॉर्डाला दोन्ही टोकांनी वारा आणि उजेड मिळतो. खिडकीला गज लावू नयेत. तावदानांची चौकटच लोखंडाची ओतावी आणि तिला लाकडासारखा रंग द्यावा, म्हणजे आतल्याला आपण तुरुंगात आहोत असे वाटणार नाही.

कर्कब्राइड हा केवळ नकाशे काढणारा माणूस नव्हता. रुग्णांच्या करमणुकीसाठी तो जादूच्या कंदिलाची चित्रे दाखवण्याचे कार्यक्रम करी. १८४९ साली एका माजी रुग्णाने त्याच्यावर गोळी झाडली, तरी त्याचा विश्वास ढळला नाही. आणि १८६६ साली त्याने विवाह केला तो आपल्याच रुग्णालयातून बऱ्या होऊन गेलेल्या एका स्त्रीशी. वेड बरे होते, हे त्याचे मत त्याने स्वतःच्या संसाराने सिद्ध करून दाखवले. त्याच्या पद्धतीची सत्तरच्या आसपास रुग्णालये अमेरिकेत उभी राहिली. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटीच्या रुग्णालयाचे पहिले अधीक्षक डॉ. मन्सन हे वॉर्डांत बारमाही ताजी फुले ठेववीत. सौंदर्य हाच उपचार, असे ते म्हणत.

अडीचशेंचे अडीच हजार

कर्कब्राइडने एक अट घातली होती. एका रुग्णालयात अडीचशेपेक्षा अधिक रुग्ण असू नयेत; कारण अधीक्षकाला प्रत्येक रुग्ण नावानिशी ठाऊक असला पाहिजे. सारी उपचारपद्धती या एका अटीवर उभी होती, आणि पहिली मोडली तीही हीच. अधीक्षकांच्या संघटनेने १८६६ साली ही मर्यादा सहाशेवर नेली. पुढे मर्यादा अशी काही उरलीच नाही.

याला कारणे अनेक होती. गावोगावच्या अनाथालयांनी आपल्याकडचे म्हातारे आणि विकलांग लोक राज्याच्या खर्चाने पोसले जावेत म्हणून मनोरुग्णालयांकडे ढकलले. उपदंशाने मेंदू पोखरलेले रुग्ण येत, आणि त्या काळी त्यावर इलाज नव्हता. परदेशांतून आलेले, भाषा न येणारे, कोणी नातलग नसलेले लोक एकदा आत गेले की बाहेर पडत नसत. कित्येक घरांनी नकोशा झालेल्या बायका, न ऐकणारी मुले, अपस्माराचे रुग्ण येथे आणून सोडले. वेस्टनची इमारत अडीचशेंसाठी होती. १९५० नंतरच्या वर्षांत तेथे चोवीसशे माणसे राहत. जॉर्जियातील मिलेजव्हिल येथे १८४२ साली उघडलेल्या रुग्णालयात १९६० च्या सुमारास बारा हजारांच्या घरात रुग्ण होते. ते रुग्णालय नव्हतेच, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ती वस्ती होती.

जेथे प्रत्येकाला नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही तेथे औषधाची जागा बंदोबस्ताने घेतली. वारा खेळावा म्हणून ठेवलेले लांब सोपे खाटांनी भरले. रुग्णांकडून शेती, धोबीकाम, स्वयंपाक हे सारे विनामूल्य करून घेतले जाई. अमेरिकेतील न्यायालयाने त्यांना वेतन देणे बंधनकारक केले ते १९७३ साली. विसाव्या शतकात इन्सुलिनची मूर्च्छा आली, विजेचे झटके आले, आणि मेंदूच्या पुढच्या भागाचे तंतू तोडणारी लोबोटॉमीची शस्त्रक्रिया आली. तिचे जनक पोर्तुगीज डॉक्टर मोनिझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत डॉ. वॉल्टर फ्रीमन यांनी बर्फ फोडायच्या टोच्यासारखे हत्यार डोळ्याच्या खोबणीतून घालण्याची सोपी रीत काढली. १९५२ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या सरकारी मनोरुग्णालयांत त्यांनी अवघ्या दोन आठवड्यांत २२८ जणांवर ती केली. सोपे झाले म्हणूनच ते इतके झाले.

सर्पगंधेचा वाटा

ही रुग्णालये रिकामी कशी झाली, या कथेत आपल्या देशाचाही एक धागा आहे. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती. त्याच सुमारास दोन औषधे हाती आली. एक फ्रान्समध्ये १९५२ साली वापरात आलेले क्लोरप्रोमाझिन आणि दुसरे रेसर्पिन. हे रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळातले द्रव्य. वेड आणि निद्रानाश यांवर सर्पगंधा देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर आधुनिक पद्धतीने लेख लिहिला, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण इंग्लंडच्या हृदयरोगविषयक पत्रिकेत मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी रेसर्पिन वेगळे काढले. आणि १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड रुग्णालयाचे डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे ओरडणारे वॉर्ड शांत होऊ लागले. रेसर्पिन पुढे मागे पडले, परंतु वेडावर गोळी चालते ही आशा निर्माण करण्यात त्या रानमुळीचा वाटा आहे.

अध्यक्ष केनेडी यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये कायद्यावर सही केली. मोठी रुग्णालये कमी करावीत आणि गावोगावी मानसोपचार केंद्रे उघडावीत, असा त्याचा आशय. पहिला भाग झपाट्याने झाला, कारण त्यात पैसा वाचत होता. दुसरा अर्धवट राहिला, कारण त्यात पैसा लागत होता. डिक्सबाईंच्या विधेयकाचे जे झाले तेच शंभर वर्षांनी पुन्हा झाले. २०१६ पर्यंत सरकारी मनोरुग्णालयांतील खाटा चाळीस हजारांच्या आत आल्या. काही माणसे आपल्या माणसांत परतली आणि सुखी झाली, यात शंका नाही. पण अनेकजण रस्त्यावर आले आणि तेथून तुरुंगात गेले. न्यूयॉर्क राज्यातील विलार्ड रुग्णालय १९९५ साली बंद झाले आणि त्याच आवारात व्यसनी कैद्यांसाठी बंदिशाळा उघडली. ती २०२२ पर्यंत चालली. डिक्सबाई ज्या तुरुंगाच्या दारातून निघाल्या होत्या, त्याच दारापाशी गोष्ट फिरून आली.

तिकीट काढून पाहायचे दुःख

रिकाम्या इमारतींना मग वेगळे पाहुणे येऊ लागले. छायाचित्रकार क्रिस्टोफर पेन यांनी देशभर हिंडून या वास्तूंची चित्रे टिपली आणि २००९ साली ती ग्रंथरूपाने आली. सोलून निघालेला निळा रंग, उन्हाच्या पट्ट्यात उभी एकच खुर्ची, रुग्णांच्या नावांसह टांगलेले दात घासायचे ब्रश. ग्रंथाच्या आरंभी डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांचा लेख आहे. ‘असायलम’ या शब्दाचा मूळ अर्थ आश्रय, आणि कित्येकांना तेथे खरोखरीचा आश्रय मिळाला होता, याची ते आठवण देतात. ही आठवण महत्त्वाची आहे. सारे काही नरकच होते असे म्हटले की आपण आजच्या आपल्या कर्तव्यातून मोकळे होतो.

दुसरे पाहुणे भुतांच्या शोधात येतात. वेस्टनच्या इमारतीत आज तिकीट काढून रात्री भुते पाहायला जाता येते. त्या पैशांतून छपरे दुरुस्त होतात, हेही खरे आहे. तरी बेथलेमची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तेव्हा जिवंत वेडे पाहायला लोक जात, आता मेलेले पाहायला जातात. वास्तविक भीती वाटावी असे तेथे काही असेल तर ते भूत नव्हे, हजेरीपट आहे.

डॅन्व्हर्सचा बहुतेक भाग २००६-०७ मध्ये पाडण्यात आला. दर्शनी भिंत राखून मागे बिऱ्हाडे बांधली गेली. बफेलोच्या मनोऱ्यांखाली २०१७ साली हॉटेल उघडले, ते २०२१ मध्ये बंद पडले आणि २०२३ मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरू झाले. ट्रॅव्हर्स सिटीत दुकाने आणि घरे झाली. वास्तू वाचावी असे ज्यांना वाटते त्यांनी याबद्दल नाक मुरडू नये. दगड राहिला तर विचारणारा राहतो, की येथे पूर्वी काय होते?

माळ्यावरच्या बॅगा आणि तांब्याचे डबे

विलार्ड बंद होताना तेथील माळ्यावर चारशेहून अधिक बॅगा आणि ट्रंका सापडल्या. १९१० ते १९६० च्या दरम्यान आलेल्या रुग्णांनी आत जाताना त्या ठेवून दिल्या होत्या आणि बाहेर पडताना घ्यायच्या होत्या. बाहेर पडणे बहुतेकांच्या नशिबी नव्हते. कोणाच्या बॅगेत फोटो, कोणाच्या शिवणाचे सामान, कोणाची पत्रे, कोणाची इस्त्री केलेली ठेवणीतली वस्त्रे. २००४ साली न्यूयॉर्क राज्याच्या वस्तुसंग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. विलार्डच्या स्मशानात पाच हजारांहून अधिक माणसे पुरली आहेत आणि खुणेच्या पट्ट्यांवर नावाऐवजी आकडे आहेत. त्यांतल्या दीड हजारांच्या आसपास कबरी एका रुग्णानेच खणल्या, आणि शेवटी तोही त्याच जमिनीत गेला.

ओरेगॉनच्या रुग्णालयात याहून विचित्र प्रकार आढळला. कोणी न नेलेल्या सुमारे साडेतीन हजार मृतांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत भरून एका खोलीत रचून ठेवल्या होत्या. ओलाव्याने डब्यांवर निळी, हिरवी, पांढरी पुटे चढली होती. डेव्हिड मायझेल या छायाचित्रकाराने त्यांची जी चित्रे घेतली ती इतकी मोहक आहेत की, पाहणाऱ्याला आपल्याच डोळ्यांची लाज वाटावी. २०१४ साली तेथे स्मारक झाले, आणि नावे प्रसिद्ध झाल्यावर कित्येक घराण्यांनी आपापली माणसे शोधून नेली.

जॉर्जियात सुमारे पंचवीस हजार कबरी होत्या. त्यांवर आकड्यांच्या लोखंडी खुंट्या रोवलेल्या होत्या. गवत कापायला अडचण होते म्हणून माळ्यांनी त्या उपटल्या, आणि आकडाही गेला. उलट डॅन्व्हर्सला माजी रुग्णांनीच पुढाकार घेतला. जुन्या नोंदी शोधून त्यांनी आकड्यांच्या जागी नावे कोरून घेतली. मेलेल्यांना नाव परत देण्याचे हे काम शहाण्यांना सुचले नाही, ते ज्यांना वेडे म्हटले होते त्यांनी केले.

आपल्या दारी

आपल्याकडे ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मनोरुग्णालये ओस पडलेली नाहीत. तेथे आजही रुग्ण आहेत. १९१२ चा ‘ल्यूनसी’ कायदा आपल्याकडे १९८७ च्या नव्या कायद्याने गेला आणि २०१७ च्या कायद्याने रुग्णाला उपचारांचा हक्क दिला. साखळीला मनाई झाली, पण ती कोणत्या अनुभवानंतर? २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाला आग लागली, आणि साखळीने बांधलेल्या अठ्ठावीस रुग्णांना पळता आले नाही.

मात्र कायद्याने न सुटणारी एक गोष्ट आहे. बरे झालेले, डॉक्टरांनी घरी जा म्हटलेले कित्येक रुग्ण आपल्या रुग्णालयांतून पडून असतात, कारण त्यांना न्यायला कोणी येत नाही. पत्ता चुकीचा दिलेला असतो, किंवा बरोबर असतो आणि दार उघडत नाही. आपण जुन्या घरांतली माणसे वंशावळ मोठ्या अभिमानाने सांभाळतो. मूळ पुरुष कोण, सनद कोणत्या साली मिळाली, हे तोंडपाठ असते. त्याच वंशावळीत एखादी आत्या, एखादा धाकटा काका असा असतो की, त्याच्या नावापुढे काहीच लिहिलेले नसते आणि मुलांनी विचारले तर वडीलधारी माणसे विषय बदलतात. ते नाव लिहून काढावे, ते कोठे गेले हे ठाऊक असेल तर तेही लिहावे. आणि ते माणूस अजून हयात असेल तर एखाद्या रविवारी त्याला भेटायला जावे.